सतरा नंबर टांगायचा नाही

केलर्टन, सस्कॅचवन
१४ जानेवारी

कीगन,

नऊ वर्षांनी लिहिते आहे, ते हौसेने नाही. तुझी जुनी काळी-पांढरी जर्सी माझ्या तळघरात आहे आणि रिंकच्या समितीला ती बावीस फेब्रुवारीच्या आत हवी आहे. मी म्हटलं, ज्याची आहे त्याने मागितली तर देईन. त्यांनी तुला विचारलं. तू एजंटकरवी कळवलंस, "ती मिसेस एच.कडे आहे, त्यांना विचारा." म्हणजे आपण दोघं दारात उभे आणि 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' चाललं आहे. बाहेर उणे तीस आहे. कुणीतरी आत जायला हवं, म्हणून मी जाते.

तुझी पत्रं आधी एजंटच्या ऑफिसात उघडली जातात असं ऐकलं. तिथे जी कोणी मुलगी उघडत असेल तिच्यासाठी सांगते. मी लिओना हावरिलुक. केलर्टनच्या शाळेत मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. कीगन मोरिन सोळाव्या वर्षी उत्तरेकडच्या तळ्याकाठच्या गावातून आमच्या मॅग्पाइज क्लबकडून हॉकी खेळायला आला. बाहेरगावच्या प्रत्येक मुलाला गावातलं एकेक घर मिळतं, तसं त्याला आमचं मिळालं. तीन हिवाळे तो आमच्या तळघरात राहिला, आमच्या टेबलावर जेवला. माझा नवरा ऑरेस्ट रिंकवर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवायचा. सामन्याच्या वेळी मी पेनल्टी बॉक्सचं दार सांभाळायची. आगळीक करणाऱ्याला आत घ्यायचं, शिक्षेची दोन मिनिटं संपली की बाहेर सोडायचं. एवढी ओळख पुरे. आता बाई, पत्र पुढे द्या.

क्लबला पंचाहत्तर वर्षं होतात. त्या दिवशी तुझी जर्सी काचेच्या चौकटीत आणि तुझा सतरा नंबर कापडी फलकावर, छताला. नंबर एकदा वर गेला की क्लबात तो पुन्हा कुणी घालायचा नाही. मोठ्या संघांत करतात तसं. कल्पना ग्लेन स्टेकलची. तोच, खताच्या दुकानाचा. आता समितीचा अध्यक्ष आहे आणि सभेत हातोडी आपटतो.

"मिसेस एच., या गावातून एकच पोरगा वरपर्यंत पोचला," तो मला म्हणाला. "एकच! आणि त्याची जर्सी तुम्ही लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवता?"

"बरण्यांमागे नाही. देवदाराच्या पेटीत आहे. कसर लागू नये म्हणून."

"पॉलिएस्टरला कसर लागत नाही. तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

पस्तीस वर्षांत या माणसाला माझ्या वर्गातली एवढी एकच गोष्ट आठवली, तीही माझ्याविरुद्ध.

मी विरोधात मत दिलं. पाच विरुद्ध एक. माझं कारण त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही, कारण सगळ्यांना ते आधीच माहीत आहे असं त्यांना वाटतं. मी अजून 'ते' धरून बसले आहे, असं गावाचं मत आहे. 'ते' काय, हे तुला सांगायला नको. पण ऑफिसातल्या मुलीला अर्धवट कळायला नको. अंतिम फेरीचा शेवटचा सामना, शेवटची तीन मिनिटं, बरोबरी. त्यांचा बचावपटू तुझ्यापासून हातभर लांब होता. तू असा पडलास जणू पायाखालचा बर्फच कुणी ओढून घेतला. पंचाने हात वर केला. तो बचावपटू बिचारा बॉक्समध्ये गेला, तुमच्याकडे एक माणूस जास्त झाला, गोल झाला, चषक मिळाला. ऑरेस्ट आमच्या बैठकीत नाचत होता. मी टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी तुला पोस्टकार्ड टाकलं: 'अभिनंदन. तुला कुणी स्पर्शही केला नव्हता.' त्यानंतर तुझा फोन आला नाही. त्या कार्डावरचा एकही शब्द मला आजही बदलायचा नाही.

आता खेळाविषयी. तुझे सामने मी मुद्दाम पाहत नाही. टीव्ही चालू असतो. पश्चिम किनाऱ्यावरचा हा तुझा चौथा संघ, आणि चौघांत हा सर्वांत विस्कळीत. तुमचा गोलरक्षक चांगला आहे, कारण तो मुकाट असतो. बाकीचे गोल झाला की काचेवर उड्या मारतात. गोल करणं हे त्यांचं काम आहे. तास चांगला झाला म्हणून मी कधी टेबलावर चढून नाचले नाही. आणि बरोबरी झाल्यावर तीन-तीन जणांचा जो जादा वेळ काढला आहे, तो पाहून अंगणात कोंबड्या सोडल्यासारखं वाटतं. पूर्वेकडच्या त्या मोठ्या शहराच्या संघाबद्दल मी काही बोलत नाही. घरात आजारी माणूस असलं की हळू बोलतात.

तू चौतीस वर्षांचा झालास. पुढे धावताना अजून बरा दिसतोस. मागे परतताना आळस करतोस. तो सोळाव्या वर्षीही करायचास.

जर्सी टांगायला हवी असेल तर स्वतःच्या हाताने तसं लिही. एजंटच्या नको.

लिओना हावरिलुक


२५ जानेवारी

कीगन,

तुझं कार्ड मिळालं. 'मिसेस एच., टांगा नाहीतर जाळा. मला यायला जमणार नाही. के.' अक्षर तुझंच आहे, सुधारलेलं नाही. पण यात तू जर्सी मागितलेली नाहीस, त्यामुळे ती पेटीतच आहे. आणि मी पॉलिएस्टर जाळत नाही. धूर विषारी असतो.

ग्लेनला कार्ड दाखवलं. तो खूश झाला. "टांगा म्हणालाय की!"

"जाळाही म्हणालाय."

"अहो, ते रागात. टांगा मनापासून म्हणालाय."

हे तुला कुठून कळलं म्हणून विचारलं, तर म्हणाला की तो स्वतः तीन मुलांचा बाप आहे.

आता माझं खरं कारण सांगते, कारण ज्याचा नंबर आहे त्याला तरी ते कळायला हवं. अठरा वर्षांखालच्या मुलींचा आपला संघ आता आहे, हे तुला माहीत नसेल. तुझ्या वेळी नव्हता. मी कॉलेजात होते तेव्हा आम्ही मुली पहाटे पाचला सराव करायचो, कारण बाकीचा सगळा वेळ मुलांचा असायचा. आता मुलींना संध्याकाळी चार वाजता बर्फ मिळतो, आणि हीटरजवळच्या बाकांवर प्रेक्षकांना जागा उरत नाही. एवढं एक काम मी समितीत बसून केलं, आणि त्याबद्दल कुणाची परवानगी विचारली नाही.

त्या संघात जेनिका बाउतिस्ता म्हणून पंधरा वर्षांची मुलगी आहे. बचावात खेळते. तिची आई वृद्धाश्रमात काम करते, फिलिपिन्सहून आलेली. मुलगी बुटकी आहे, पण कोपऱ्यातून चकती घेऊन बाहेर येते तेव्हा धडकणारे मागे पडलेले असतात. मागे परतताना आळस करत नाही. ती सतरा नंबर घालते.

तुझ्यावरून घेतला असेल असं मला वाटलं होतं. विचारलं, तर म्हणाली, "नाही. आई सतरा तारखेला रेजायनाच्या विमानतळावर उतरली. एवढी थंडी होती की ती तिथूनच परत निघाली होती. पण थंडीनेच विमान उडालं नाही."

"मोरिनवरून नाही घेतलास?"

"कोण मोरिन?"

"खेळतो. टीव्हीवर."

"चांगला आहे?"

"मागे परतताना आळस करतो."

"मग त्याच्यावरून कशाला घेऊ?" ती म्हणाली, आणि स्केटच्या नाड्या आवळायला लागली.

मला वाटतं हे ऐकून तुला हसू येईल. सोळाव्या वर्षी आलं असतं.

बावीस फेब्रुवारीला नंबर छताला गेला की तिला तो काढावा लागेल. ग्लेनने तिला परवा सांगितलंसुद्धा. म्हणाला, "पोरी, सत्तावीस घे. लांबून सतरासारखाच दिसतो." ती म्हणाली, "बरं." ते 'बरं' मला आवडलं नाही. बर्फावर ती कुणालाही बरं म्हणत नाही.

आणि एक आठवण. तुझ्याआधी सतरा कुणाकुणाच्या अंगावर होता? त्यात एक ग्लेन स्टेकलही होता. चार हंगामांत त्याने दोन गोल केले, त्यातला एक आपल्याच गोलात. तरी तू पहिल्या दिवशी बिचकत उभा होतास तेव्हा सामानाच्या खोलीत जाऊन सतरा काढून तुझ्या हातात कुणी ठेवला? ग्लेनने. म्हणाला, "घे, यात माझे गोल शिल्लक आहेत." तेव्हा तो नंबर छताला असता तर तुला काय मिळालं असतं? सत्तावीस.

नंबर अंगात घालायची वस्तू आहे. ती घामाने ओली व्हायला हवी. फलकावरची धूळ झाडायला या गावात कुणाला वेळ नाही.

समितीची पुढची सभा पंधराला. तू लेखी नको म्हणालास तर ते ऐकतील. माझं ऐकणार नाहीत.

लिओना हावरिलुक


३ फेब्रुवारी

कीगन,

तू फोन मध्येच ठेवलास, म्हणून उरलेलं लिहून पाठवते. मी जे बोलले ते आणि तू जे बोललास ते इथे मांडते, म्हणजे नंतर 'मी असं म्हटलंच नव्हतं' व्हायला नको.

तू म्हणालास, "नऊ वर्षं तुम्हाला मला शिक्षा द्यायची होती. आता त्या पोरीला पुढे करताय."

मी म्हटलं, "शिक्षा दोन मिनिटांची असते. नऊ वर्षं आत कोण बसून राहिलं ते तू बघ."

"सगळेच पडतात, मिसेस एच. लीगमध्ये रोज कुणीतरी पडतं."

"सगळे माझ्या घरात राहिले नव्हते."

तुझ्या मागे टीव्हीचा आवाज येत होता. मग तू म्हणालास, "तुम्हाला माहीत आहे का, यांनी मला चौथ्या फळीत टाकलंय? सामन्याला सहा-सात मिनिटं खेळतो. पुढच्या वर्षी मी कुठे असेन माहीत नाही. एक गोष्ट राहणार होती माझ्या नावाची. एक. तुमच्या त्या छतावर. तीही तुम्ही देऊ नका म्हणता."

हे तू आधी सांगायला हवं होतंस. मला वाटलं होतं तुला त्या फलकाचं काही नाही. 'टांगा नाहीतर जाळा' असं लिहिणाऱ्या माणसाला तो हवा असेल हे मी कशावरून ओळखायचं? आता कळलं. पण माझं मत बदललेलं नाही. तुला काही मिळायला हवं हे खरं. ते त्या मुलीच्या अंगावरून काढलेलं नसावं, हेही तितकंच खरं.

मग ऑरेस्टचा विषय तू काढलास. मी काढला नसता. त्याच्या अंत्यविधीला तू आला नव्हतास असं गाव समजतं. पांढरी फुलं आली होती, कार्डावरची अक्षरं छापील होती. काल तू म्हणालास, "मी आलो होतो. रिंकच्या पार्किंगमध्ये ट्रकमध्ये बसलो होतो. आत जेवण चाललं होतं. मला दार उघडता आलं नाही."

निळा ट्रक. अल्बर्टाची नंबरपाटी. मी खिडकीतून पाहिला होता. इंजिन चालू होतं, म्हणजे आत कुणीतरी होतं. मी कोबीच्या पानातल्या भाताची ताटली भरून झाकून ठेवली. तू आत येशील म्हणून थांबले. मी बाहेर येण्याची तू वाट पाहत होतास का ते मला माहीत नाही. मग ट्रक गेला आणि ती ताटली ग्लेनने खाल्ली.

एवढं फोनवर सांगायचं होतं, पण तोवर तू ठेवला होतास.

माझ्या बॉक्सचा नियम तुला आठवत असेल. आत आला की प्रत्येकाने आधी काय केलं ते सांगायचं, मग पाण्याची बाटली. पाहुण्या संघाची मुलं सुरुवातीला म्हणायची, "मी काहीच केलं नाही, बाई." ती दोन मिनिटं तहानलेली बसायची. तू पहिल्याच दिवशी आत आलास, धपकन बसलास आणि म्हणालास, "त्याच्या स्केटमध्ये स्टिक घातली. मुद्दाम." मी बाटली दिली. तुझं धाडस पाहून ऑरेस्टला घरी जाऊन सांगितलं, "हा पोरगा ठीक आहे." मी दुसऱ्या कुठल्याही खेळाडूबद्दल तसं म्हटलेलं नाही. टीव्हीवरच्या कुणाबद्दलही नाही.

लिओना हावरिलुक


९ फेब्रुवारी

कीगन,

काल टीव्ही चालू होता.

शेवटची चार मिनिटं, तुम्ही एका गोलाने मागे. कोपऱ्यात चकतीसाठी चौघांची झोंबाझोंबी झाली आणि तू हनुवटी धरून बाहेर आलास. बर्फावर रक्त. पंचाने त्यांच्या खेळाडूला चार मिनिटं दिली, कारण उंच स्टिकने रक्त काढलं की चार. तुमचं सगळं मैदान उभं राहून ओरडत होतं. सामना संपेपर्यंत एक माणूस जास्त. देवाने पाठवल्यासारखी संधी.

आणि तू पंचाकडे गेलास. हनुवटीला टॉवेल, टॉवेल लाल. काहीतरी बोललास, आणि स्टिकने तुझ्याच संघातल्या त्या लांब केसांच्या पोराकडे खूण केलीस. पंचांनी पडद्यावर पुन्हा पाहिलं. खरंच त्याचीच स्टिक होती. शिक्षा रद्द. तुमचा प्रशिक्षक तुझ्याकडे बघत होता, बर्फ फुटून गाडी तळ्यात गेल्यावर मालक बघतो तसा. उरलेला वेळ त्याने तुला बाकावर बसवून ठेवलं. तुम्ही हरलात.

समालोचकांपैकी एक म्हणाला, "मोरिनला झालंय तरी काय?" दुसरा म्हणाला, "वय झालं. डोक्याला लागलं असेल." दोघं खूप हसले. या दोघांना मी खेळताना पाहिलेलं आहे. पहिला पडण्यात पटाईत होता. दुसऱ्याच्या वाट्याला पडण्याएवढाही खेळ आला नाही.

मी उभी राहिले. घरात कुणी नव्हतं, म्हणून सांगायला हरकत नाही. मी बराच वेळ उभी होते आणि हातातली कॉफी गालिच्यावर सांडत होती हे मला नंतर दिसलं.

आता चुका. पहिल्या सत्रात तू दोनदा निळ्या रेषेवर चकती गमावलीस. दुसऱ्या सत्रातला तुझा पास चांगला होता, पण उशिरा दिलास. मागे परतताना आळस केला नाहीस. हे मी या हंगामात पहिल्यांदा लिहिते आहे. हनुवटीचे टाके डॉक्टरकडून घालून घे, संघातल्या त्या घाईच्या माणसाकडून नको. तू दाढी ठेवलीस तर व्रण झाकेल. ठेवू नकोस.

ऑरेस्ट असता तर काल नाचला नसता. त्याला आनंद झाला की तो नाचायचा. अभिमान वाटला की गप्प बसून राहायचा, आणि मग उठून उगाचच अंगणातला बर्फ ओढायला जायचा. आज सकाळी मी अंगणातला बर्फ ओढला. काल रात्री फारसा पडलेलाही नव्हता.

लिओना हावरिलुक


१७ फेब्रुवारी

कीगन,

संघाने तुला मोकळं केलं हे रेडिओवर ऐकलं. सांत्वन मला जमत नाही, तेव्हा ते सोडून देते. चौदा वर्षं तू वरच्या लीगमध्ये खेळलास. इथल्या बर्फावर शिकलेल्या कुणीही एवढं केलेलं नाही. हे मी उद्या ग्लेनच्या दुकानात उभं राहूनही सांगेन, आणि आठ तारखेच्या त्या खेळाबद्दल तर रांगेतल्या प्रत्येकाला सांगते आहे. शुक्रवारी टपाल कचेरीतल्या बाईने मला थांबवलं. म्हणाली, "मिसेस एच., हे तुम्ही मला मंगळवारीही सांगितलंत." मी म्हटलं, "मग आता तिसऱ्यांदा ऐकशील."

तुझं समितीला आलेलं पत्र शनिवारच्या सभेत मी मोठ्याने वाचलं. 'सतरा माझा नाही. मला तो ग्लेनने दिला. जी घालते आहे तिने घालावा.' एवढंच. स्वल्पविराम नाहीत, पण मुद्दे बरोबर.

ग्लेनने हातोडी खाली ठेवली. मग म्हणाला, "फलक छापून आलाय हो. वर 'मोरिन', खाली एवढा मोठा सतरा. आता काय टांगू? रिकामा हँगर?"

"नाव टांग. आकडा आत दुमड आणि टाचण्या लाव."

"अर्धा फलक? लोक हसतील!"

"हसू देत. विचारतील, आकडा कुठे गेला? मग बर्फाकडे बोट दाखव."

ग्लेनने थोडा वेळ छताकडे पाहिलं. "दोन गोल केले होते मी त्या नंबरात," तो म्हणाला.

"एक," मी म्हटलं.

सहा विरुद्ध शून्य. त्याने हातोडी इतक्या जोरात आपटली की दांडा सुटला.

तुझं नाव वर जाणार आहे, हे नीट लक्षात घे. त्याच्या बाजूने पहिला हात माझा होता. ते तुझं आहे, आणि कुणाच्या अंगावरून काढलेलं नाही.

शनिवारी चारला मुलींचा सामना आहे. समारंभ त्याआधी. तळघरातला पलंग तुला तेव्हाच आखूड होता, पण हीटर नवीन आहे. या वेळी पार्किंगमध्ये बसू नकोस. मी दारात उभी राहणार नाही, गुडघा चालत नाही. मी माझ्या जागेवर असेन. पेनल्टी बॉक्सचं दार सध्या एक तरुण माणूस सांभाळतो, फोनमध्ये बघत असतो. शनिवारपुरतं त्याला मी सुट्टी दिली आहे.

लिओना हावरिलुक


हस्तांतराची नोंद

केलर्टन रिंक, शनिवार, २२ फेब्रुवारी. क्लबच्या कागदांत ठेवण्यासाठी एक प्रत, कीगन मोरिन यांना एक. लिहिणार लिओना हावरिलुक. साक्षीदार ग्लेन स्टेकल. त्यांची सही वाकडी आहे कारण ते रडत होते आणि सर्दी झाली आहे असं सांगत होते.

जर्सी, काळी-पांढरी, क्रमांक सतरा. डाव्या कोपराला ठिगळ, ऑरेस्ट हावरिलुक यांनी शिवलेलं, टाके मोठे पण पक्के. कीगन मोरिन यांनी स्वतः, तोंडाने, माझ्याकडे मागितली. मी त्यांना दिली. त्यांनी ती बर्फावर उभं राहून जेनिका बाउतिस्ता यांना दिली आणि म्हणाले, "घे, यात ग्लेनचे गोल अजून शिल्लक आहेत." जेनिका यांना ती गुडघ्यापर्यंत येते. त्यांनी विचारलं, "तुम्हीच का ते, मागे परतताना आळस करणारे?" कीगन मोरिन यांनी होय म्हटलं. जेनिका यांनी ती आपल्या जर्सीवरूनच चढवली आणि पहिलं सत्र तशाच खेळल्या.

फलक, एक, 'मोरिन', खालची बाजू आत दुमडलेली, टाचण्या चौदा. छताकडे दिला. लोक हसले नाहीत. उभे राहिले.

हिवाळी बूट, एक जोडी, तळघरात राहिलेले. कीगन मोरिन यांना परत दिले. आता बसत नाहीत. तरी नेले.

कोबीच्या पानातल्या भाताची ताटली, झाकलेली. कीगन मोरिन यांना. ग्लेन स्टेकल यांना वेगळी.

पोस्टकार्ड, एक, नऊ वर्षांपूर्वीचं, माझ्या अक्षरातलं. ते कीगन मोरिन यांच्या सामानाच्या पिशवीत, दाढीच्या डब्यात होतं, कोपरे झिजलेले. मी परत मागितलं. दिलं नाही. "लागतं," म्हणाले.

पाण्याची बाटली, एक. मुलींच्या सामन्याच्या दुसऱ्या सत्रात कीगन मोरिन पेनल्टी बॉक्समध्ये येऊन माझ्या शेजारी बसले. त्यांना कुणी शिक्षा दिलेली नव्हती. मी विचारलं नाही. बर्फाकडे पाहत त्यांनी आधी काय केलं ते सांगितलं. मग मी बाटली दिली.